दुष्काळात वाटलेला कागद

हा आपल्या या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना नावं आणि सनावळ्या निसटतात अशी तक्रार बरेच जण करतात. शिवाय मुरबाडच्या पुढे रेंज कशी येते-जाते ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून हे वाचायला. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त खाकरणं आणि अडखळणं काढून टाकलंय.

तर, कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडा. मुरबाड गेलं, सरळगाव मागे पडलं की टोकावडे येतं. पुढे वैशाखरे, नाणेघाटाची वाट, आणि मग घाट. या रस्त्यावर खिडकीशी बसून एक खेळ खेळून बघा. वारली चित्रं मोजायची. झेडपीच्या शाळेची भिंत, ग्रामपंचायतीचं कंपाउंड, ढाबा, रिसॉर्टची कमान. सगळीकडे तेच: मधोमध तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती हातात हात घालून फिरणारी त्रिकोणी माणसं. मी एकदा मोजायला बसलो होतो. सरळगावपर्यंत मोजली, मग झोप लागली.

टोकावड्याच्या एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवला होता. त्याचं म्हणणं असं: "दादा, आमच्याकडे ठाकर, कातकरी, महादेव कोळी जास्त. वारली लोकांचा मोठा मुलुख तिकडे डहाणू-तलासरीला. मग आमच्या भिंतींवर वारलीच का? कोणी ठरवलं हे?"

प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र बिहारमधल्या एका दुष्काळापर्यंत जातं, आणि त्याच्याही मागे एका भूकंपापर्यंत. मधे एक मराठी माणूस आहे, ज्याचं नाव आपल्यापैकी फार कमी जणांनी ऐकलंय. आणि या प्रश्नात माझाही एक जुना हिशेब अडकलाय. तो आधी सांगतो.

२६ जुलै २००५. मुंबईचे लोक ही तारीख सांगताना सांताक्रूझचा आकडा सांगतात, एका दिवसात ९४४ मिलिमीटर. आमच्या भागात कोणी आकडा सांगत नाही. लोक सांगतात की पाणी कुठवर आलं होतं. आमच्या घरात ते चुलीच्या वर आलं. मी चौथीत होतो. नुकतीच आवणी झालेली, म्हणजे भाताची रोपं खाचरात लावून झालेली. ती मातीसकट गेली. घराची मागची भिंत कुडाची, ती बसली. कोंबड्या गेल्या. पाणी ओसरल्यावर घरात जो वास येतो, तो ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको.

थोड्या दिवसांनी शाळेत शहरातून काही लोक आले. रंगपेट्या आणि पांढरे कागद घेऊन. म्हणाले, मुलांनो, मनात जे असेल ते काढा. मी माझी रंगपेटी घरी नेली, फार खूश होतो. आजीने ती उघडून बघितली, नीट बंद केली आणि म्हणाली, "चित्र छान काढशील रे. पण त्यांना म्हणावं, दोन पत्रे असतील तर द्या."

आम्ही काढलेली चित्रं ते लोक घेऊन गेले. प्रदर्शन भरवणार म्हणाले. भरलं का, कुणी बघितली का, काही कळलं नाही. चित्रं परत आली नाहीत.

ते लोक वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. पण आजीचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. संकटात सापडलेल्या माणसाला चित्र काय कामाचं? आज पूर आला, दरड कोसळली की पाठोपाठ 'कलेतून उभारी' असलेला बॅनर येतो. त्यातलं खरं किती आणि फोटोपुरतं किती? याचं उत्तर शोधताना मला कळलं की आपल्या देशात एकदा सरकारने अगदी शब्दशः हेच केलं होतं. दुष्काळात लोकांना चित्रं काढायला कागद वाटला होता.

आता भूकंपाकडे जाऊ.

१५ जानेवारी १९३४. दुपारची वेळ. नेपाळ आणि उत्तर बिहार हादरला. दोन्हीकडे मिळून दहा हजारांहून जास्त माणसं गेली. मधुबनी भागात तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर नावाचा तरुण इंग्रज अधिकारी होता, आपल्या भाषेत प्रांत म्हणा. पडझड बघत तो गावोगाव फिरत होता. मातीच्या घरांच्या भिंती फाटल्या होत्या, कोसळल्या होत्या. आणि त्या फटींमधून त्याला आतल्या खोल्यांच्या भिंती दिसल्या. त्यांवर चित्रं होती. कमळं, बांबूचं बेट, मासे, पोपट, कासव, देव. नव्या जोडप्याच्या खोलीतली चित्रं. तिकडे त्या खोलीला कोहबर म्हणतात. परक्या पुरुषाला, त्यातून साहेबाला, ती खोली एरवी कधीच दिसली नसती. भिंत पडली म्हणून दिसली.

आर्चरने फोटो काढले. पुढे १९४९ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. 'मार्ग' मुंबईतून निघायचं, मुल्कराज आनंद त्याचे संपादक. म्हणजे मधुबनीच्या भिंतीवरची ती चित्रं बाहेरच्या जगासमोर आली ती मुंबईच्या कागदावर. पण त्या बायकांना त्यातलं काही कळलं असण्याची शक्यता नाही. त्यांची चित्रं दरवर्षी पावसाने, सारवणाने पुसली जात होती, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा काढली जात होती. मैथिलीत चित्र 'काढत' नाहीत, 'लिहितात'. मला हा शब्द फार आवडतो.

मग आला १९६६-६७ चा दुष्काळ. बिहारमध्ये पावसाने लागोपाठ दगा दिला. जयप्रकाश नारायण मदत समिती घेऊन उतरले, मोफत अन्नछत्रं उघडली, परदेशातून धान्य आलं. सरकारी मदतीचं नेहमीचं रूप म्हणजे मातीकाम. रस्ता करा, तळं खणा, मजुरी घ्या. पण मिथिलेत एक अडचण होती. तिथल्या ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायका उंबरा ओलांडत नसत. घर उपाशी असलं तरी घमेलं घेऊन बाहेर पडणं त्यांना शक्यच नव्हतं. उपासमार बंद दाराआड चालू होती.

तेव्हा हस्तकला मंडळाचं काम बघणाऱ्या पुपुल जयकर यांनी एक माणूस तिकडे पाठवला. भास्कर कुलकर्णी. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करणारा मराठी चित्रकार. या विणकर सेवा केंद्राबद्दल खरं तर एक वेगळा भाग करायला हवा. हातमागासाठी नक्ष्या तयार करायला सरकारने तिथे चक्क आधुनिक चित्रकार नोकरीला ठेवले होते. आपले प्रभाकर बरवे त्यातलेच. तर कुलकर्णींना काम दिलं होतं ते असं: गावोगाव जा, भिंतीवर चित्र काढणाऱ्या बायका शोधा, त्यांना कागद द्या, आणि भिंतीवर जे काढता तेच यावर काढा म्हणून सांगा. काढलेलं आपण विकत घेऊ.

जरा थांबून बघा काय झालं ते. कागद घरात गेला. बाईला बाहेर यावं लागलं नाही. तिला नवीन काही शिकावं लागलं नाही, उलट तिला येत होतं त्यालाच दाम मिळाला. आणि ती मदत भीक नव्हती, कारण बदल्यात काम होतं. सुरुवातीला फार थोड्या बायका तयार झाल्या. घरातली पूजेची गोष्ट बाजारात न्यायची, लोक काय म्हणतील? पण शेजारणीच्या हातात पैसे दिसले की माणसाचं मत बदलतं. हे बिहारलाही लागू आहे आणि मुरबाडलाही.

चित्रं दिल्लीला गेली, विकली गेली. दुष्काळ संपला, पण कागद थांबला नाही. जितवारपूर, रांटी ही गावं चित्रांची गावं झाली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ मध्ये, गंगा देवींना १९८४ मध्ये. पुढे दुसाध या दलित समाजातल्या बायकांनी अंगावरच्या गोंदणाच्या नक्ष्या कागदावर आणल्या आणि स्वतःची वेगळी शैली उभी केली. उंच जातीच्या बंद खोलीतून निघालेला कागद शेवटी गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. त्याला वेळ लागला, हे खरं.

गंगा देवींचं एक काम मला सांगायलाच हवं. त्यांना कर्करोग झाला. दिल्लीत उपचार चालू होते. त्यांनी ते सगळं चित्रात लिहिलं. हॉस्पिटल, खाटा, सलाईन, डॉक्टर, गावाहून दिल्लीचा प्रवास. ज्या रेषेने आयुष्यभर लग्नाचं कमळ लिहिलं, त्याच रेषेने. कुणी सांगितलं म्हणून काढलेली ही चित्रं नाहीत. रेष आधीच हातात होती, म्हणून संकट आलं तेव्हा ती कामाला आली. १९९१ मध्ये त्या गेल्या.

इथे एक छोटं वळण घेतो. संकटाची चित्रं याआधी नव्हती का? होती की. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद हा चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरला आणि भुकेल्या माणसांची रेखाचित्रं काढली. त्याचं 'हंग्री बंगाल' नावाचं पुस्तक निघालं, त्याच्या ५ हजार प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. हाच चित्तप्रसाद पुढे मुंबईत, अंधेरीला येऊन राहिला. त्याच दुष्काळावर आपल्या अण्णा भाऊ साठेंनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. म्हणजे मराठी माणसाने बंगालचा दुष्काळ डफावर ऐकला. ही कामं मोठीच आहेत. पण तिथे चित्र काढणारा एक आणि उपाशी दुसरा. कुलकर्णींनी वेगळं केलं. त्यांनी उपाशी माणसाचं चित्र काढलं नाही, कागद त्याच्यापुढे सरकवला.

आता आपल्याकडे येऊ. १९७२. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर फक्त "बहात्तरचा दुष्काळ" एवढं म्हणून बघा, पुढचा अर्धा तास तुमचा गेला. सुकडी, अमेरिकेचा लाल मिलो, खडी फोडायची केंद्रं, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमी योजना घट्ट झाली. वि. स. पागे यांची ती कल्पना, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. देशाने पुढे जी मनरेगा आणली तिची आजी ही.

या दुष्काळाचा मुख्य फटका मराठवाडा आणि घाटावरच्या जिल्ह्यांना होता. ठाण्याचा आदिवासी पट्टा म्हणजे धो धो पावसाचा. तिथली भूक वेगळी होती, ती दरवर्षी यायची. पावसाळ्यात. शेतात काम असतं, कणगीत दाणा नसतो. मग सावकाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आलं की दीडपट-दुप्पट फेडायची. ही आपत्ती बातमीत येत नाही, कारण तिला तारीख नसते.

आणि यातली सगळ्यात कडू गोष्ट म्हणजे लग्न. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा. शंभर-दोनशे रुपयेसुद्धा असतील. ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा आयुष्यभर, नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायची. त्याला लग्नगडी म्हणायचे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला, म्हणजे आपल्या कल्याणच्या अगदी शेजारी, किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथे वारल्यांनी आपलं गाऱ्हाणं मांडलं. मेमध्ये उंबरगावजवळ झरी इथे परिषद झाली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक या लढ्याचं. कॉलेजच्या लायब्ररीत असतंच, काढून वाचा.

हे मी मधेच का सांगतोय? कारण वारली चित्र हे मुळात लग्नाचं चित्र आहे. आपल्याला तारप्याचा नाच माहीत आहे, पण घरातलं खरं चित्र म्हणजे चौक. लग्नाआधी घराच्या आतल्या भिंतीला शेण आणि गेरू लावायचा. तांदूळ वाटून पांढरा रंग करायचा. बारीक काडीचं टोक चावून त्याची कूची करायची. सवाशिणी चौकोन आखतात, त्याच्या कडा नक्षीने भरतात, आणि मधे पालघाट देवी येते. शेजारी लहान चौकात पाच डोक्यांचा पंचशिऱ्या देव. ढवळेरी गाणी म्हणते. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आता विचार करा, ज्या दिवशी भिंतीवर तांदळाचं पांढरं चित्र उमटत होतं, त्याच दिवसाच्या खर्चापायी ते जोडपं गडी होत होतं. चित्राला वापरलेला तांदूळसुद्धा कदाचित खावटीचा असेल. हा माझा अंदाज, पुस्तकातला नाही.

१९७० च्या सुमाराला भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. कुलकर्णींनी बिहारमध्ये जे केलं होतं तेच इथे केलं, कागद आणि पांढरा रंग दिला. बायका संकोचल्या, हसल्या, बाजूला झाल्या. पण गंजाडच्या कळंबीपाड्यावर एक पुरुष होता, जो हौसेने काढायचा. जिव्या सोमा म्हसे. १९३४ चा जन्म. म्हणजे बिहारच्या भूकंपाचंच साल, पण त्यातून काही अर्थ काढू नका, योगायोग आहे. लहानपणी आई गेली आणि या पोराने बोलणंच बंद केलं. धुळीत चित्रं काढून तो लोकांना काय हवं ते सांगायचा. बरीच वर्षं.

माझ्या शाळेत आलेले रंगपेटीवाले जे म्हणत होते ना, मनातलं कागदावर काढा म्हणजे मोकळं वाटेल, त्याचं खरं उदाहरण म्हणजे हा मुलगा. फक्त त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याच्याकडे कागदही नव्हता.

कुलकर्णींना त्याची रेष दिसली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांची चित्रं लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांनी चौकाच्या बाहेर उडी मारली. शेत, मासेमारीचं जाळं, मुंग्यांची वारुळं, झाडं, गोष्टी. त्यांचं माशाच्या जाळ्याचं चित्र इंटरनेटवर शोधा आणि फोनवर झूम करत जा. एक एक गाठ हाताने भरलेली आहे. १९८९ मध्ये पॅरिसला पॉम्पिदू केंद्राने 'मॅजिसियाँ द ला तेर' नावाचं मोठं प्रदर्शन भरवलं, जगभरच्या शंभर कलावंतांचं. त्यात डहाणूचे जिव्या सोमा म्हसे होते आणि जितवारपूरच्या बउआ देवीही होत्या. दोघांच्याही पाठीमागे तो एकच, कागद वाटत फिरणारा माणूस. तो मात्र १९८३ लाच गेला होता. जिव्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, १५ मे २०१८ ला ते गेले.

म्हणजे सगळं छान झालं का? नाही.

पहिली गोष्ट. मिथिलेत कागदाने बाईला कमावतं केलं. वारल्यांमध्ये बायकांचं चित्र कागदावर आलं आणि नाव बहुतेक पुरुषांचं झालं. सवाशिणी अजून चौक काढतात, पण तुम्ही एका तरी वारली चित्रकर्तीचं नाव सांगू शकता का? मलाही पटकन आठवत नाही, यातच आलं.

दुसरी गोष्ट तुमच्या टोकावड्याच्या भिंतीची. वारली चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जसं नाशिकच्या द्राक्षाला आहे. तरीही कुर्त्यावर, मगवर, मोबाइलच्या कव्हरवर छापणारा बहुतेक वेळा वारली नसतो. शाळा रंगवायचं कंत्राट निघतं, पेंटर स्टेन्सिल लावतो, दोन दिवसांत तारपा तयार. ठाकर पाड्यावर वारली, कातकरी वाडीवरही वारली, कारण सरकारी कागदावर 'आदिवासी कला' म्हटलं की हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. श्रोत्याने विचारलं होतं कोणी ठरवलं. एका माणसाने नाही ठरवलं. आधी कागदाने ठरवलं, मग बाजाराने, मग टेंडरने. दुष्काळात मजुरी म्हणून सुरू झालेली वाट शेवटी भिंतीचा वॉलपेपर झाली.

पण या दोन तक्रारींमुळे मूळ गोष्ट खोटी ठरत नाही. मला त्यातली यंत्रणा महत्त्वाची वाटते. चित्र काढून दुःख हलकं होतं की नाही हा वेगळा वाद. कुलकर्णींनी तो घातलाच नाही. त्यांनी चार साध्या गोष्टी जुळवल्या: लोकांना जे आधीच येतं ते, कच्चा माल हातात, दाम ठरलेला, आणि विकत घेणारा नक्की. यातलं एक जरी निसटलं तरी उरते ती रंगपेटी.

कच्छमध्ये असंच एक उदाहरण आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात धमडका हे अजरख छापणाऱ्या खत्री लोकांचं गाव जमीनदोस्त झालं. शिवाय पाण्यातलं लोहाचं प्रमाण बदललं, आणि अजरखमध्ये पाणी बिघडलं की रंग बिघडला. मग अनेक कुटुंबांनी जागा शोधून नवं गाव वसवलं, अजरखपूर. गावाला नाव कापडाचं दिलं. घर आणि धंदा त्यांनी वेगळा मानलाच नाही.

आणि बंगालच्या मेदिनीपुरात, हो, चित्तप्रसाद फिरला त्याच मुलखात, नया नावाचं पटचित्रकारांचं गाव आहे. २००४ च्या त्सुनामीवर त्यांनी लांबच लांब पट रंगवले आणि ते उलगडत गाणी म्हटली. गावोगाव बातमी पोचवायची त्यांची जुनी पद्धतच ती. आपल्याकडे पिंगुळीची चित्रकथी याच जातकुळीची, आणि ती ठाकर समाजाची आहे. सिंधुदुर्गातले ठाकर आणि मुरबाडचे ठाकर एकच असं मी म्हणत नाहीये, पण 'ठाकर आणि चित्र' म्हटल्यावर दचकायला नको, एवढं नक्की.

शेवटी पुन्हा घाटाजवळ. टोकावड्याच्या लोकांना डोंगर पडणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मुरबाडच्या हद्दीतून आहुप्याचा घाट चढला की आंबेगाव तालुका लागतो. त्याच तालुक्यात माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एसटीच्या ड्रायव्हरने. तो रोजच्या फेरीला आला आणि जिथे गाव होतं तिथे चिखल होता. वर राहिलेल्यांसाठी नवं गाव बांधलं, २०१७ मध्ये लोक तिथे राहायला गेले. एकसारखी, ओळीत बांधलेली पक्की घरं.

अशा नव्या घरांचे फोटो मी बघतो तेव्हा माझी नजर भिंतींवर जाते. सिमेंटच्या भिंतीला शेण-गेरू धरत नाही. सारवायची जमीनही नसते, फरशी असते. ते मजबूत आहे, हवंच आहे, आणि पत्रा मागणारी माझी आजी ते बघून खूश झाली असती. पण पुनर्वसनाच्या नकाशात बायकांच्या हाताला एक तरी भिंत ठेवली आहे का, हे कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. ओट्याशेजारी चार फूट मातीचा गिलावा. खर्च किती येईल?

आजीचं राहिलं. पत्रे आम्हाला मिळाले, गणपती झाल्यावर. त्याच्या बऱ्याच आधी, पाणी ओसरून पंधरा दिवसही झाले नसतील, मागची भिंत उघडीच होती, त्यावर प्लास्टिक लावलेलं. एका सकाळी उठून बघतो तर आजीने शेण कुठून तरी मागून आणलं होतं. अंगणाचा एवढासा तुकडा सारवला होता आणि तांदळाच्या पिठाने रांगोळी घातली होती. चार ठिपके, चार रेघा. घरात तांदूळ मोजून शिजत होता तेव्हा. माझी आई तिच्यावर चिडली, पिठाची नासाडी म्हणून. दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मी माझ्या रंगपेटीतला पांढरा रंग आजीला नेऊन दिला. तिने दुसऱ्या दिवसापासून तो वापरला. आठवडाभर पुरला.

टोकावड्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच झालंय. उरलेलं तुझ्याकडे आहे. तुमच्या पाड्यावर लग्नात, नागपंचमीला, दिवाळीला भिंतीवर किंवा अंगणात बायका काय काढतात, त्याचा फोटो पाठव. स्टेन्सिलचा नको. फोटोसोबत काढणाऱ्या बाईला विचारून, ती हो म्हणाली तरच, तिचं नाव लिही. आणि पाऊस पडायच्या आत काढ, कारण पाऊस पडला की ते चित्र राहणार नाही.